चार सेकंदांची फुंक

रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला खेटून एक अरुंद खोली होती. तिच्या बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांना आतून दिवसभर एकच आरडाओरडा ऐकू यायचा. "घ्या, घ्या, अजून घ्या, छाती भरून घ्या... आणि सोडा! जोरात! काढा, काढा, काढा!" नवा माणूस दचकायचा. आत कुणाचं तरी बाळंतपण चाललंय असं वाटून एक म्हातारे गृहस्थ एकदा उठून चालते झाले होते. प्रत्यक्षात आत असायचं एक मशीन, एक खुर्ची, पुठ्ठ्याच्या नळ्यांचा एक खोका आणि फुंकणीबाई.

हे नाव तिला अग्निशमन केंद्रातल्या लोकांनी ठेवलं होतं. दरवर्षी त्यांच्या श्वासाची तपासणी व्हायची. आगीच्या धुरात बेधडक शिरणाऱ्या माणसांना नाकाला चिमटा लावून एका बाईच्या हुकमावर नळीत फुंकावं लागायचं, याची त्यांना फार गंमत वाटायची. तिलाही नाव आवडलं होतं. एकोणीस वर्षं माणसांना फुंकायला लावल्यावर दुसरं काय नाव मिळणार?

तिची ख्याती होती ती मायाळू म्हणून. तिच्या आधी त्या खोलीत जो माणूस होता तो जमदग्नीचा अवतार. त्याच्या तावडीतून सुटलेला रुग्ण पुन्हा तपासणीचं नाव काढायचा नाही. हिचं तसं नव्हतं. माणूस लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, खोकल्याची उबळ दाटून आली, की ती पंजा वर करायची आणि म्हणायची, "बस. झालं. छान केलंत." याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक धिप्पाड माणूस तिच्या "काढा, काढा"च्या भरात खुर्चीतून तोंडावर आपटला होता. हनुवटीला पाच टाके पडले. त्याची बायको बाहेर रडत होती, आणि वरिष्ठांनी हिला उभं करून जे ऐकवलं ते तिला अजून शब्दन् शब्द पाठ होतं. त्या दिवसापासून तिचा पंजा जरा लवकर वर जायला लागला. कुणाची तक्रार नव्हती. उलट लोक मुद्दाम तिच्या ड्युटीचा दिवस विचारून यायचे.

त्या शनिवारी सकाळी ती खोलीत आली तर नवे डॉक्टर तिच्या आधीच येऊन बसले होते. छातीचे डॉक्टर म्हणून त्यांना रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलणं मोजकं, आवाज कधी चढत नाही. असल्या माणसाची जास्त भीती वाटते, कारण तो रागावलाय की नाही हे कळायला मार्गच नसतो. त्यांनी जुन्या फायलींमधले आलेखांचे कागद काढून टेबलावर पसरले होते.

"ताई, जरा बघता का? हे सगळे सिगारेट ओढणारे आहेत. चाळिशीच्या पुढचे. आणि सगळ्यांचा अहवाल चांगला आहे."

"हो ना. नशीबवान आहेत."

"सगळेच?" डॉक्टरांनी एका कागदावर बोट ठेवलं. "ही रेघ बघा. कुठे थांबलीय?"

तिने वाकून पाहिलं. रेघ चार सेकंदांवर थांबली होती. दुसऱ्या कागदावर पावणेचार. तिसऱ्यावर चार.

"खोकला आला असेल त्यांना," ती म्हणाली.

"आला असेल. पण रेघ आडवी झाली नाहीये, ताई. वर चढता चढता तुटलीय. म्हणजे आत अजून हवा होती. हे लोक थांबलेले नाहीत. त्यांना थांबवलंय."

फुंकणीबाईने तो कागद उचलून जवळ धरला.

ते काय म्हणताहेत हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ही तपासणी कशी चालते ते ती शिकाऊ मुलींना झोपेतसुद्धा सांगू शकली असती. माणूस पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकतो आणि सगळी मिळून किती फेकतो, या दोन आकड्यांचं नातं मशीन काढतं. छाती ठणठणीत असेल तर एकूण शंभर भागांतले पंचाहत्तर-ऐंशी भाग पहिल्याच सेकंदाला बाहेर पडतात. वर्षानुवर्षं धूर ओढणाऱ्याच्या आतल्या बारीक नळ्या आधी बिघडतात. त्याला स्वतःला काही कळत नाही, तो जिने चढतो, ओझी उचलतो, एक्स-रेही स्वच्छ येतो. पण त्याची हवा सुटसुटीत निघत नाही. ती रेंगाळत, झिरपत, आठ सेकंद, दहा सेकंद, बारा सेकंद बाहेर येत राहते. पहिल्या सेकंदाचा भाग सत्तरच्या खाली गेला, की समजायचं, आत पोखरायला सुरुवात झाली. आता अशा माणसाला चौथ्याच सेकंदाला थांबवलं तर काय होईल? मागे रेंगाळलेली हवा मोजलीच जाणार नाही. एकूण आकडा लहान येईल, आणि त्या लहान आकड्यापुढे पहिला सेकंद मोठा दिसेल. आजारी माणूस कागदावर ठणठणीत होईल.

आणि ती थांबवायची कुणाला? धडधाकट माणसाला नाही, तो चार सेकंदांत आपोआपच रिकामा व्हायचा. ती थांबवायची लालबुंद होणाऱ्याला, खोकणाऱ्याला. नेमक्या त्याच माणसाला ज्याला थांबवायचं नव्हतं.

"किती जण असतील?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"मी सत्तेचाळीस बाजूला काढलेत. त्यांना परत बोलवू. सोमवारपासून." डॉक्टर कागद गोळा करू लागले. "आज कोण आहे?"

आज कोण आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. अकरा वाजता दादा येणार होता.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. अग्निशमन केंद्रात त्याला सगळे बंबदादा म्हणत, कारण हाक मारायचा अवकाश, हा घंटा वाजवत हजर. धुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारं एक खास पथक नव्याने उभं राहत होतं आणि सोमवारी दादा त्याचा प्रमुख होणार होता. बावीस वर्षं त्याने याच जागेची वाट पाहिली होती. फक्त श्वासाच्या तपासणीचा दाखला आज तीनच्या आत मुख्य कार्यालयात पोचायला हवा होता. तो एक सोपस्कार. दादा दरवर्षी पास व्हायचाच.

आणि दादा दिवसाला पाऊण पाकीट ओढायचा. धुरातून बाहेर आलं की पहिलं काम म्हणजे सिगारेट पेटवणं. "सवय मोडू नये म्हणून," असं वर म्हणायचा. अकरा वर्षांपूर्वी वहिनीने फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्याने बहिणीसमोर तिला शब्द दिला होता. "ज्या दिवशी हिचं मशीन नाही म्हणेल त्या दिवशी सोडतो. तोवर तू गप्प बसायचं." वहिनीही पक्की. दरवर्षी तपासणीच्या दिवशी तिचा फोन यायचा, "काय हो ताई, पास ना?" ही "पास" म्हणायची, आणि वहिनी वर्षभर शब्द पाळून गप्प बसायची.

डॉक्टर चहा प्यायला गेले आणि फुंकणीबाईने कपाटातून दादाची फाईल ओढून काढली. पहिल्या चार वर्षांच्या रेघा बऱ्या होत्या, शेवटी आडव्या झालेल्या. पाचव्या वर्षापासून त्या चढता चढता तुटलेल्या. चार सेकंद. तीन पूर्णांक आठ. चार. चार पूर्णांक एक. प्रत्येक कागदाखाली तिची सही. सात वर्षं. तिला आठवत होतं, दादाची मान ताठ व्हायची, कानशिलं लाल व्हायची, तो डावा हात जरासा उचलायचा, आणि तिला बघवायचं नाही. लहानपणी नदीत तिला वाचवताना हाच माणूस नाकातोंडात पाणी जाऊन असाच लाल झाला होता. ती पंजा वर करायची. बस, दादा. झालं.

त्याला फोन करावा, आज येऊ नको म्हणावं, मशीन बंद आहे म्हणावं, असं तिच्या मनात आलं. खरं सांगायचं तर तिने फोन हातातही घेतला. तेवढ्यात दार उघडलं.

"फुंकणीबाई आहेत का?" दादाने दारातूनच आरोळी ठोकली. इस्त्रीचा गणवेश, मिशी कातरलेली. "चल गं तायडे, उरकून टाक. खाली गाडी उभी आहे. दाखला घेतो आणि तसाच जातो."

त्याच्या मागोमाग डॉक्टर आत आले. तिने दोघांची ओळख करून दिली. "माझा भाऊ," हे शब्द उच्चारताना तिला चोरी पकडल्यासारखं झालं.

"घरच्या माणसाची तपासणी दुसऱ्या कुणी घेतलेली बरी," डॉक्टर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पण घ्या. तुम्हीच घ्या. मी उभा आहे."

ते तिच्या मागे, खिडकीशी जाऊन उभे राहिले. खोली एवढीशी, त्यात तीन माणसं. दादा खुर्चीत बसला, पट्टा सैल केला, चिमटा स्वतःच नाकाला लावला आणि नळी तोंडात धरून डोळा मिचकावला.

"घे," ती म्हणाली. "घे, घे, अजून घे, छाती भरून घे... आणि सोड! जोरात! काढ, काढ, काढ..."

पडद्यावर रेघ झेपावली. एक सेकंद. काय जोर होता! दोन. तीन. रेघ वाकली, पण चढतच राहिली. दादाच्या मानेची शीर तटतटली. कानशिलं तांबडी झाली. डावा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला.

"बस," तिच्या तोंडून निघून गेलं.

एकोणीस वर्षांची जीभ ती. तिने मालकिणीला विचारलंच नाही. दादाने नळी काढली, दणदणीत खोकला, आणि पडद्याकडे बघून हसला. पडद्यावर त्र्याहत्तर.

"हे बघा डॉक्टर! घोडा आहे घोडा. करा सही."

तिला वळून बघायचा धीर होईना. डॉक्टर रागावून ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"ही धरायची नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "पुन्हा घ्या, ताई."

"का म्हणून?" दादाने विचारलं. "त्र्याहत्तर आलेत की. सत्तरच्या वर लागतात ना?"

"अर्ध्यात थांबलात तुम्ही. सहा सेकंदांना मशीन टिंग करेल. तिथेही थांबायचं नाही. आत हवा उरलीच नाही असं होईपर्यंत फुंकायचं."

दादाने बहिणीकडे पाहिलं. ती नळी बदलत होती, नजर खाली. "अकरा वर्षं तर असंच..." तो बोलायला लागला, आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला. आगीच्या घरात कुठली भिंत पडणार हे त्याला आधी कळतं म्हणतात. त्याला काहीतरी कळलं.

दुसरी फुंक पाचव्या सेकंदाला खोकल्यात फुटली. मशीनने ती स्वतःच नाकारली. त्याला पाणी दिलं, पाच मिनिटं बसवलं. खाली गाडीवाल्याने एकदा हॉर्न वाजवला.

तिसऱ्या फुंकेला ती त्याच्या शेजारी नाही, समोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरले, पंजा वर जाऊ नये म्हणून.

"सोड! काढ, काढ, काढ... अजून. अजून."

चार सेकंद. हात उचलला गेला. "अजून." पाच. डोळ्यांत पाणी. "अजून, दादा." टिंग झालं. दादाचे डोळे तिच्यावर खिळलेले. एवढ्या वर्षांत या माणसाने तिच्याकडे असं कधी मागितलं नव्हतं. सगळा जीव डोळ्यांत आणून तो मागत होता, म्हण ना बस. "अजून आहे आत. काढ. अजून." आठ. नऊ. रेघ गोगलगायीच्या गतीने, पण वर वरच. तिला वाटलं हा आता पडणार, हनुवटी फुटणार, आणि या खेपेला तो दादा असणार. अकरा. "अजून." बारा. तेराव्या सेकंदाला रेघ एकदाची आडवी झाली.

"बस," डॉक्टर म्हणाले.

पासष्ट.

पासष्टचा अर्थ दादाला कुणी सांगायची गरज नव्हती. तो खुर्चीत मागे टेकून धापा टाकत होता, आणि त्या पडद्याकडे असा बघत होता जणू पडद्याने त्याला शिवी दिली.

डॉक्टरांनी कपाटातून औषधाचा पंप काढला. "हे चार वेळा ओढायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. नळ्या नुसत्या आखडल्या असतील तर या औषधाने मोकळ्या होतील, आकडा वर येईल. नाही आला, तर मात्र बिघाड कायमचा समजायचा."

"आला वर तर दाखला मिळेल?"

"आला तर बघू."

बाहेरच्या बाकावर दोघं बहीणभाऊ बसले. समोर भिंतीवरचं घड्याळ. बाराला वीस कमी. पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे ज्याला कुठे जायचं नसतं त्याला कळत नाही. दादाने सवयीने खिसा चाचपला आणि हात तसाच परत घेतला.

"तायडे," तो हलक्या आवाजात म्हणाला, "ती पहिली फुंक मशीनमध्येच आहे ना?"

"आहे."

"तीच ठेव. त्र्याहत्तर काही खोटे नाहीत. मीच फुंकलेत. डॉक्टर जेवायला जाईल तेव्हा छापून दे. तीनच्या आत पोचलं की झालं. पुढच्या वर्षीपर्यंत मी सोडतो. शपथ घेऊन सांगतो, सोडतो."

"दादा..."

"बावीस वर्षं, तायडे. सोमवारी माझी पाटी लागतेय. आणि आज हे पोरगं येऊन सांगतंय की धुरात जाऊ नको, केंद्रात खुर्चीत बसून टेलिफोन उचल? मी परवा पाठीवर सिलिंडर घेऊन आठ मजले चढलो. दोन माणसं खाली आणली. मला काही झालेलं असतं तर चढलो असतो का मी?"

"आत्ता चढतोस. छातीत जागा खूप असते, सुरुवातीला कळत नाही. कळतं तेव्हा जिना राहू दे, मोजेसुद्धा घालता येत नाहीत. रोज बघते मी तसली माणसं. आणि धुरात तुझ्या मागे सहा जण असणार आहेत. आतच तुझा दम संपला तर तुला बाहेर कोण काढणार? तेच ना?"

घड्याळात सात मिनिटं गेली होती. आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, हे तिला कळत होतं.

"दादा, पहिली फुंक मी थांबवली. तू थांबला नव्हतास."

"बरं मग?"

"मागच्या वर्षीचीही मीच थांबवली. त्याच्या आधीचीही. फाईल काढून बघितली सकाळी. सात वर्षं मी तुला चौथ्या सेकंदाला थांबवतेय. तुला खोकला यायचा, मला बघवायचं नाही." तिचा आवाज फुटला, पण ती बोलत राहिली. "तू सात वर्षांपूर्वीच नापास असशील. मी पास केलं तुला."

दादा आधी हसला. खरंच हसला, चेष्टा वाटली त्याला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. तो मनातल्या मनात काहीतरी मोजत असावा. पाऊण पाकीट रोजचं, वर्षाचं किती, सात वर्षांचं किती, तेच मोजत असेल. तिने ते सकाळीच मोजलं होतं.

"मी त्या दिवशी सोडणार होतो," तो म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस तर मी सोडली असती. मी काय गंमत म्हणून शब्द दिला होता?"

"माहितीये."

"माहितीये म्हणे!" त्याचा आवाज चढला. बाकाच्या टोकाला बसलेल्या बाईने मान वळवून पाहिलं. "अगं, लोक पैसे चारतात खोट्या दाखल्यासाठी. मला फुकट मिळत होता, आणि मला पत्ता नाही! वर मी मिशीला पीळ देत हिंडतोय, माझी छाती लोखंडाची म्हणून. केंद्रात पोरांना दाखवतो मी ते कागद. बघा, रोज पंधरा ओढून हे. माझ्याकडे बघून किती जण ओढायला लागले असतील, आहे हिशेब?"

रडावं असं वाटत होतं, पण रडलं तर तो तिची समजूत काढायला लागेल हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते तिला नको होतं. ती दात आवळून बसून राहिली.

त्याचा फोन वाजला. त्याने पडद्यावर पाहिलं, वहिनी होती. फोन वाजत राहिला. त्याने तो बंद केला नाही, उचललाही नाही, दोघं त्याच्याकडे बघत राहिले तो थांबेपर्यंत.

पाच कमी बाराला डॉक्टरांनी दार उघडलं.

या खेपेला तीन फुंका झाल्या आणि तिन्ही तिने शेवटपर्यंत नेल्या. दादाने एकदाही हात उचलला नाही. चिडून फुंकत होता तो, तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीवर नजर लावून. बारा सेकंद. तेरा. तेरा. खोलीत फक्त तिचा आवाज आणि नळीतून रेंगाळणारी ती हवा. पडद्यावर आकडा उमटला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते, म्हणून तो डॉक्टरांच्या तोंडून ऐकला.

"सहासष्ट."

औषधाने एक वाढला होता. फक्त एक.

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि ते दादाच्या समोर, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले. "गेलंय ते परत येणार नाही. पण फार गेलेलं नाही. वेळेवर सापडलंय असंच म्हणेन मी. आज सिगारेट सोडलीत तर घसरण बरीचशी थांबेल. न सोडता गेलात तर दहा वर्षांनी तुम्ही याच बाकावर बसाल, आणि पार्किंगपासून इथवर यायला तुम्हाला अर्धा तास लागलेला असेल. धुरात शिरायचा दाखला मी देऊ शकत नाही."

"सात वर्षांपूर्वी सापडलं असतं तर?"

डॉक्टरांनी फुंकणीबाईकडे पाहिलं नाही. त्याबद्दल तिने त्यांचे मनोमन आभार मानले. "तर आकडा बहुतेक सत्तरच्या जवळच थांबला असता," ते म्हणाले. "नक्की कुणीच सांगू शकत नाही."

"लिहा," दादा म्हणाला. "जे आहे ते लिहा."

डॉक्टर लिहू लागले. दादा उठला, पट्टा आवळला, टोपी काखेत मारली. खिडकीतून खाली वाकून त्याने गाडीवाल्याला जा म्हणून खूण केली. मग तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला. ती वाट बघत होती. त्याने एक थोबाडीत दिली असती तरी तिला चाललं असतं. त्याने आपला फोन पुढे केला.

"केंद्रात काय सांगायचं ते माझं मी बघतो," तो म्हणाला. "पण हिला तू सांगायचंस. माझ्यासाठी नाही, तुझ्या शब्दावर ती गप्प बसली होती."

पहिल्याच रिंगला वहिनीने उचलला. "अहो, फोन का नाही घेतलात मघाशी? झालं का?"

"वहिनी, मी बोलतेय."

"ताई! बोला. पास ना?"

फुंकणीबाईने श्वास घेतला. "नाही, वहिनी. नापास. आणि मागच्या वर्षीही नापासच होता. मी नीट तपासलं नव्हतं. सात वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आले."

वहिनीचा आवाज आला, बारीक, जपून जपून टाकलेला.

"मला ऐकू यायचं हो. रोज पहाटे उठून मोरीत जाऊन खोकायचे, नळ सोडून. मला वाटायचं, हे बरं नाही. पण तुम्ही पास म्हणायच्यात. मी म्हणायचे, आपल्याला काय कळतं, ताईंना कळतं."

"चूक माझी आहे, वहिनी. सगळी माझीच आहे."

आता वहिनी म्हणेल, छे हो, तुमची कसली चूक. वहिनी नेहमी असंच म्हणायची. भाजी करपली, कप फुटला, वाढदिवस विसरला, काहीही होवो, वहिनीचं ते ठरलेलं वाक्य होतं. फुंकणीबाई फोन कानाला लावून त्या वाक्याची वाट बघत राहिली.

वहिनी ते म्हणाली नाही.

"त्यांना द्या फोन," ती म्हणाली.

तिने फोन दादाच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. दाराच्या काचेतून तिला त्याची पाठ दिसत होती. तो नुसता ऐकत होता, आणि बराच वेळ मान हलवत होता.